इसार झालेले घर



ह्या व्याख्यानमालेत माझ्या आधी जे बोलून गेले ते विद्वान लोक होते. मी आठवीत शाळा सोडली. पुढे जे काही शिकलो ते बाजार समितीच्या आवारात, हमालांच्या सभांत आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून. तेव्हा वेदान्त किंवा वाङ्मय मी तुमच्यापुढे मांडणार नाही. माझा विषय अगदी संसारी आहे. ज्या घराचा इसार झालेला आहे ते घर पाहावयास जावे काय, आणि गेलेच तर तेथे कसे वागावे?

ह्यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. परंतु गरीब माणूस आयुष्यात घर एकदाच घेतो. लग्नाच्या मुलीला स्थळ पाहावयाचे तर आधी ती कोणाला दिलेली नाही ना, हे आपण विचारतो. घराच्या बाबतीत मात्र आपण बेधडक आत शिरतो, छपरी मोजतो, चुलीपर्यंत जातो, विहिरीत डोकावतो, आणि निघताना हळूच विचारतो, ‘कितीत ठरलं?’

आधी आपल्या वऱ्हाडच्या बाजाराकडे पाहू. जुन्या काळी बाजारात सौदे रुमालाखाली होत. दलाल रुमालाखाली बोटे दाबी आणि भाव ठरे. ज्याचा माल, त्यालाच आपल्या मालाला कोणी किती भाव दिला हे कळत नसे. ह्या अंधारातून वाट काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच मुलखात झाला. १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा झाला. आज लिलाव सर्वांसमक्ष होतो. बोली चालू असेतोवर कोणीही भाव चढवावा. त्यात कोणाला राग नाही. पण बोली तुटली आणि सौदापट्टी लिहिली, की दुसऱ्या व्यापाऱ्याने त्या गाडीला हात लावू नये. हमालांतही हाच रिवाज मी पाहत आलो. एका टोळीने गाडीचा दोर सोडला, की दुसरी टोळी त्या गाडीवर चढत नाही.

घराच्या सौद्यात इसार म्हणजे हीच तुटलेली बोली होय. मात्र येथे आवार नाही, लिलाव पुकारणारा नाही, चारचौघांचा डोळा नाही. घराचा बाजार अजून बराचसा रुमालाखालीच चालतो.

कायदा काय म्हणतो? तो मी वकिलांच्या पायऱ्या झिजवून शिकलो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम असे आहे की, नुसत्या विक्रीच्या कराराने घरावर खरेदीदाराचा मालकी हक्क उत्पन्न होत नाही. खरेदीखत नोंदले जाईपर्यंत घर विकणाऱ्याचेच. हे ऐकून काही जण खूश होतात आणि म्हणतात, ‘मग इसाराला विचारतो कोण?’ त्यांनी पुढची पाने वाचावीत. त्याच कायद्याच्या ५५ व्या कलमाने, खरेदीदाराने विनाकारण माघार घेतली नसेल तर, दिलेल्या इसाराच्या रकमेपुरता बोजा घरावर बसतो. आणि १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे १९ वे कलम सांगते की, पहिल्या कराराची माहिती असून ज्याने मागाहून घर घेतले, त्याच्याविरुद्धही तो करार बजावून घेता येतो. पैसे मोजून, सद्भावनेने आणि माहिती नसताना ज्याने घेतले तोच सुटतो. शिवाय मुद्दाम चौकशी टाळली तरी ती माहिती असल्यासारखीच धरली जाते. २०१८ च्या दुरुस्तीने तर असा करार बजावण्याचा हुकूम देण्यातली न्यायालयाची पूर्वीची मोकळीक पुष्कळ कमी झाली. म्हणजे इसार झाला हे ठाऊक असून जो घर घेतो, तो घराबरोबर दावाही विकत घेतो.

परंतु दावा लावणार कोण? ज्याच्याजवळ वकिलाला द्यावयास पैसे आहेत तो. हमाल दावा लावीत नाही. तो आपला इसार मोजून परत घेतो आणि घरी जातो. म्हणून जेथे कायद्याचा हात पोचत नाही तेथे रीत लागते, आणि म्हणूनच मी हा विषय घेतला.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून मला ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही. वीस-बावीस वर्षे झाली असतील. मी दोन खोल्यांचे घर शोधत होतो. बाजाराच्या जवळच एक घर विकणे आहे असे कळले. संध्याकाळी गेलो. घरच्या बाईंनी चहा दिला आणि सरळ सांगितले, ‘इसार झाला हाय भाऊ. पाह्यचं असन तं पाहून घ्या.’ मी पाहिले. घर मनात भरले. निघताना मी बोलून गेलो, ‘वीस हजार वरून देतो.’ आठ दिवसांनी त्यांनी पहिल्याचा इसार परत केला आणि घर मला दिले.

तो पहिला खरेदीदार आमच्याच संघटनेतला हमाल होता. हे मला खरेदीखतानंतर कळले. तो काही बोलला नाही. सभेला येई, मागच्या रांगेत बसे, वर्गणी वेळेवर देई. मी एके दिवशी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, ‘घर तुझं आहे हे मला माहीत असतं, तर मी गेलो नसतो.’ तो म्हणाला, ‘दादा, माह्यं नाव तुमाले मालूम नव्हतं, हे खरं. पर इसार झाला हे तं मालूम होतं ना?’

त्याला उत्तर नव्हते. पुढे त्याने गावाबाहेर घर घेतले. पहाटे गाडी उतरवायला यायचे तर त्याला तासभर चालावे लागे. मी अजून त्याच घरात राहतो.

काही मित्र माझी समजूत घालतात. घर विकणाऱ्याचे आहे. त्याला जास्त भाव मिळत असेल तर का घेऊ नये? एखादी विधवा नडीपायी घर विकत असेल तर तिचे वीस हजार का बुडवावे? हा प्रश्न खरा आहे, आणि तो मी टाळीत नाही. माझे उत्तर असे की, भाव इसाराच्या आधी चढवावा. विकणाऱ्याने घाई करू नये, चार गिऱ्हाइके पाहावीत, मग शब्द द्यावा. एकदा एका जिनिंगमध्ये आम्ही मजुरीचा करार केला आणि त्याच हंगामात कापूस भरपूर आला. पोरे म्हणाली, ‘करार मोडू, दर वाढवून मागू.’ आम्ही मोडला नाही. कारण पुढच्या वर्षी कापूस कमी आला असता तर मालकाने तेच केले असते, आणि तेव्हा तक्रार करायला आम्हांला तोंड राहिले नसते. ज्याला भाव चढताना शब्द मोडावासा वाटतो, त्याने भाव उतरताना गिऱ्हाईक पळाले तर ओरडू नये.

इंग्लंडमध्ये तर दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत तोंडी होकार कोणालाच बांधत नाही. तेथे मध्येच जास्त बोली देऊन घर पळविण्याला ‘गॅझम्पिंग’ असा स्वतंत्र शब्दच आहे. म्हणजे हा रोग काही आपल्याच गावाचा नव्हे.

मग रीत कोणती? मला सुचते ती सांगतो. उंबरठा ओलांडण्यापूर्वी विचारावे, ‘इसार झाला काय?’ झाला असेल तर सहज म्हणूनही आत जाऊ नये. त्या घरात राहणाऱ्यांना, विशेषतः भाडेकऱ्याला, परक्या माणसांची ये-जा जाचते. तरीही गरज असेल, तर पहिल्या खरेदीदाराला कळवून, उजेडात जावे. सौदे फिसकटतात, बँकेचे कर्ज नामंजूर होते, कागदांत वारस निघतो. म्हणून दुसऱ्या नंबरावर नाव ठेवण्यात पाप नाही. मात्र पहिल्याची मुदत सरेपर्यंत भाव बोलू नये, आणि त्याचा भावही विचारू नये. विकणाऱ्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चाबूक करून पहिल्यावर उगारू नये. दलालाने इसार लपवू नये.

आणि इसार देणाऱ्यानेही ऐकावे. शंभराच्या नोटेवर वर्षभर घर अडवून ठेवणे हीदेखील चोरीच आहे. इसारपावती लेखी असावी, तीत मुदत असावी, आणि पैसे जमत नसतील तर मुदतीआधी आपण होऊन सांगावे.

ज्या खंडेश्वराचे नाव आपल्या गावाला लागले आहे त्याच्या हेमाडपंती देवळात दर्शनाची रांग लागते, तेव्हा पुढच्याला ढकलून कोणी आत जात नाही; आणि पुढचा कोण, कोणत्या जातीचा, किती ऐपतीचा, हेही विचारीत नाही. पुढे कोणी उभा आहे एवढेच पुरते. मला त्या हमालाने जे शिकविले ते एवढेच होते. ते मी उशिरा शिकलो. तुम्हांला वेळेवर उपयोगी पडो.