डब्याची पावडर आणि दुखण्याची गोळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार बायकांपुढे उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग, म्हणून कागदावर लिहून आणले आहे. अडखळले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी आले नव्हते. पुष्कळजणींनी विचारले, तेव्हा "अशक्तपणा आहे" एवढेच मी सांगितले. आज खरे काय ते सांगते.

माझे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर वाकायचे, आणि रात्री पाय पोटाशी घेऊन कण्हायचे. आपल्या वाशीम-रिसोडकडे सोंगणीच्या दिवसांत किती बायांच्या पदराच्या गाठीला दुखण्याची गोळी असते, हे तुम्हांला मी सांगायला नको. मीही चिठ्ठीवाचून दुकानातून आणून घेत असे. त्यात मुलाने प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणला. आई थकते, तिला ताकद यावी, हा त्याचा हेतू. मी काय केले, सकाळची भाकरीच सोडली! पेलाभर पावडर प्यायची, वर गोळी घ्यायची आणि उन्हात कामाला लागायचे. दुपारपर्यंत तांब्याभर पाणीही पोटात जात नसे.

महिन्याभरात पाय सुजले. जिना चढताना धाप लागू लागली. शौचास काळे होई, पण मी लोहाच्या गोळ्या घेत होते आणि त्यांनी काळे होते हे ठाऊक होते, म्हणून दुर्लक्ष केले. पुढे ते डांबरासारखे चिकट आणि फार दुर्गंधीचे होऊ लागले, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. हिमोग्लोबिन ७.८ निघाले आणि क्रिएटिनिन १.८. पोटात व्रण होऊन रक्त झिरपत होते, आणि मूत्रपिंडेही थकली होती.

घरी सगळ्यांनी डब्याला दोष दिला. मुलगा तर रडवेला झाला. पण डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावले. पावडर आणि गोळी यांचे आपसांत काही वैर नाही, म्हणाल्या. घात केला तो गोळीने, आणि भाकरी नि पाणी सोडल्यामुळे तिला रान मोकळे मिळाले. अंगातले जे द्रव्य सूज आणि ठणका आणते, त्याच जातीचे द्रव्य पोटाच्या अस्तराला जपते आणि मूत्रपिंडाकडे रक्त नीट जाऊ देते. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या ते द्रव्यच कमी करतात. त्यात प्रथिने पचून उरलेला मळ बाहेर टाकण्याचे काम पुन्हा मूत्रपिंडाचेच. ती धडधाकट असतील तर निभावते. थकलेली असतील, तर पावडरच काय, डाळही किती खावी हे डॉक्टरांना विचारावे लागते.

तुम्हांला आपल्याकडची गिधाडे आठवत असतील. ढोर मेले की आकाश भरून जाई. ती दिसेनाशी झाली याचे कारण २००४ साली जगाला कळले: ढोरांना हेच डायक्लोफेनॅक दिले जाई, आणि त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली सरकारने ते जनावरांसाठी बंद केले. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण हे ऐकल्यापासून मी गोळीकडे पूर्वीसारखी पाहत नाही.

गोळी कधीच घेऊ नये असे नाही. दुखणे सोसत बसण्यात काय मोठेपणा आहे? पण ती डॉक्टरांना विचारून, पोटभर जेवून, भरपूर पाण्याबरोबर, थोडेच दिवस घ्यावी. पेलाभर पावडर म्हणजे जेवण नव्हे. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध असते, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्या. ज्यांना रक्तदाबाची किंवा लघवी होण्याची गोळी चालू आहे, त्यांनी तर आपल्या मनाने दुखण्याची गोळी घेऊच नये. तिघी मिळून मूत्रपिंडावर फार ताण आणतात. जुलाब-वांत्या असतील तेव्हाही नको. तापात डेंग्यूची शंका असेल तर नकोच नको, रक्तस्रावाचे भय असते.

आणि पावडरीचे म्हणाल तर ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने पुरतात. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत २२ ग्रॅम असतात, सोयाबीनमध्ये ३६ च्या आसपास. आपण सोयाबीन पोत्यांनी बाजार समितीत विकतो आणि हजारो रुपये देऊन डबा आणतो, याचे मला आता हसू येते. मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये, नीट शिजवूनच खावे. मी डाळीत मूठभर घालते. घरी प्रथम नाके मुरडली, आता कोणी बोलत नाही.

दीड महिन्याने माझे क्रिएटिनिन १.१ वर आले. गुडघे अजून दुखतात. शेक घेते, डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला पायाचा व्यायाम करते, आणि सोंगणीला मुलगा मला जाऊ देत नाही.

एक विनंती करून बसते. पुढच्या शनिवारी येताना घरातली गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून आणा, सासूबाईंच्या उशाखालचीसुद्धा. आपल्यातल्या एका वहिनींची सून औषधांचे शिक्षण घेतलेली आहे. ती प्रत्येक पाकिटावरचे नाव वाचून दाखवणार आहे.