नांव कोणाचें, चेहरा कोणाचा?

(बोलपट दाखविल्यानंतर शाळेच्या पटांगणांत केलेलें भाषण)



आतां पडद्यावर जो बोलपट तुम्हीं पाहिला, तो रचलेल्या कथेचा नव्हे. १९७१ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं काळ्या गुराख्यांनीं आपल्या कसबाचे सामने केले, त्यांचें तें खरें चित्र आहे. बोलपटाचें नांव 'ब्लॅक रोडिओ'. तो १९७२ सालीं निघाला. हार्लेम या काळ्यांच्या वस्तींतून जाणारे घोडेस्वार तुम्हीं पाहिले, मुष्टियोद्धा महंमद अलीही पाहिला.

बोलपट चालूं असतां शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यांनीं आम्हांस विचारलें, "मास्तर, तिकडले गुराखी गोरेच ना? आजवर चित्रांत तेच दिसले." या एका प्रश्नाचें उत्तर द्यावयास आम्ही उभे आहों.

टेक्सास प्रांतांत मालकाचीं गुरें राखण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं गुलामच करीत. १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. मालक लढाईवर गेले आणि गुरें मोकाट सुटून रानटी झालीं. १८६५ च्या जून महिन्यांत टेक्सासांतील गुलामांस मुक्तीचा हुकूम ऐकविण्यांत आला. पुढें तीं गुरें धरावयाचीं, डागावयाचीं आणि शेंकडों कोस हाकीत कॅन्सासांतील आगगाडीपर्यंत पोंचवावयाचीं, हें काम निघालें. तें ज्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें, त्यांत हे कालचे गुलाम होते. इतिहासकारांचा एक अंदाज असा कीं, त्या काळीं दर चार गुराख्यांत एक काळा होता. परंतु कादंबऱ्या लिहिणारे व पुढें बोलपट काढणारे हात निराळे होते. त्यांनीं घोडा ठेवला, दोर ठेवला, आणि काळा माणूस गाळला!

गुराख्यांच्या रोजच्या कामांतूनच रोडिओचे खेळ निघाले. पळत्या वासरावर फास टाकून त्याचे पाय बांधणें, उधळत्या वळूवर बसणें, हे ते खेळ. बैलाला शिंगें धरून लोळविण्याचा खेळ तर बिल पिकेट या काळ्या गुराख्याच्या नांवानेंच ओळखला जातो. त्याचा जन्म टेक्सासांत १८७० सालचा. आईबाप पूर्वीं गुलाम होते. बैलाच्या बाजूनें घोडा दौडवावा, त्यावरून बैलाच्या शिंगांवर उडी टाकावी, मान पिळावी आणि शिकारी कुत्र्याप्रमाणें त्याचा ओठ दांतांत धरून त्याला खालीं पाडावें, अशी त्याची रीत होती. जनावराच्या मानेंत किती बळ असतें, हें तुम्हांस आम्हीं सांगावयास नको. तरीही काळ्यांना मज्जाव असलेल्या सामन्यांत शिरण्यासाठीं त्याला कधीं कधीं काळा नव्हे, इंडियन म्हणून उभें करीत. १९३२ सालीं घोड्याच्या लाथेनें त्याचा अंत झाला.

आतां न्यायाचें पहा. वळूवर एका हातानें दोर धरून आठ सेकंद टिकावें लागतें. मोकळा हात जनावराला लागला कीं स्वार बाद. टिकला तरी गुण देतात ते पंच. वासरूं बांधण्याच्या खेळांत मात्र घड्याळ बोलतें. घड्याळाला कातडीचा रंग दिसत नाहीं, पंचाला दिसतो. कित्येक सामन्यांत तर प्रेक्षक घरीं गेल्यावर काळ्या स्वारांची पाळी येई. मर्टिस डाइटमन हा १९६४ सालीं राष्ट्रीय अंतिम सामन्यांत उतरलेला पहिला काळा स्वार. १९६७ आणि १९६८ या दोन्ही वर्षीं तो जगांत तिसरा आला, पहिला कधींच आला नाहीं. १९८२ सालीं चार्ल्स सॅम्पसन वळूच्या स्वारींत जगज्जेता झाला. तो मान मिळविणारा तो पहिला काळा स्वार. पुढें फ्रेड व्हिटफील्ड यानें आठ जागतिक पदें जिंकलीं, त्यांतलीं सात वासरूं बांधण्याचीं, म्हणजे घड्याळाच्या खेळाचीं!

१९८४ सालीं ल्यू व्हेसन यांनीं पिकेटच्या नांवानें काळ्या गुराख्यांचे फिरते सामने सुरू केले. मग सरकारलाही पिकेटची आठवण झाली. १९९४ सालच्या टपाल तिकिटांत त्याचें चित्र घेतलें. तिकिटें छापलीं, थोडीं विकलींही गेलीं, आणि मग घोटाळा उघड झाला. खालीं नांव बिलचें होतें, चेहरा त्याच्या भावाचा, बेनचा! तिकिटें परत मागवून नवीं छापावीं लागलीं. ज्या माणसानें एक खेळ घडविला, त्याचा चेहरासुद्धां सरकारदप्तरीं धड नव्हता.

जोतिराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेंतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांस अर्पण केलें. त्या मुक्तीच्या पुढची ही हकीकत आहे. बेडी हुकुमानें तुटते. पण केलेलें काम करणाऱ्याच्या नांवावर चढवावयास हुकूम पुरत नाहीं. जमीन कसणारा एक आणि उताऱ्यावर नांव दुसऱ्याचें, याचा अर्थ तुम्हीं पुस्तकांतून शिकावयास नको. त्या काळ्या गुराख्यांनीं शेवटीं काय केलें? आपला सामना आपण भरविला, त्याला आपल्या माणसाचें नांव दिलें आणि आपल्या पोरांना घोड्यावर बसविलें.

आजोबांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर इतकेंच कीं, काळे गुराखी पूर्वींपासून होतेच. चित्र काढणाऱ्यांनीं ते दाखविले नाहींत. आज तुम्हीं ते पाहिले. आतां घरीं जाऊन पोरांना सांगा, आणि सांगतांना बिल पिकेटचें नांव विसरूं नका.