गुरुजींचा खडू आणि कचेरीचा कागद



खानदेशात शिक्षकाविषयी बोलायचे म्हटले की वक्त्याच्या ओठांवर पहिले नाव साने गुरुजींचे येते आणि ते स्वाभाविकही आहे. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले, छात्रालयाची देखरेख केली आणि तेथील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांची गीतेवरील प्रवचने टिपून घेणारा हातही तोच होता. दरवर्षी शिक्षकदिनी हे सारे सांगितले जाते, टाळ्या पडतात आणि समोर बसलेल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला त्या मूर्तीशेजारी उभे करून न बोलता विचारले जाते, ‘तुम्ही असे का नाही?’ प्रश्न अनुचित नाही. मात्र तो विचारण्यापूर्वी आजच्या गुरुजींचा हात दिवसभर काय लिहीत असतो, हे एकदा पाहून घेतले पाहिजे.

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत लहान गावे, पाडे आणि वस्त्या पुष्कळ. तेथे पहिली ते चौथीची शाळा असते आणि तिला बहुधा दोन शिक्षक असतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक असे प्रमाण आहे आणि दीडशेहून अधिक मुले असल्याखेरीज स्वतंत्र मुख्याध्यापक नाही. म्हणजे दोघांपैकी जो ज्येष्ठ, तोच मुख्याध्यापकाचा कार्यभार वाहणार, तोच कारकून आणि प्रसंगी शिपाईही तोच. कागदावर तीस मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण सुंदर दिसते. प्रत्यक्षात चार इयत्ता आणि दोन माणसे असा तो हिशेब असतो. पहिलीला अक्षर गिरवायला बसवून दुसरीला हातच्याची वजाबाकी सांगायची, तोवर पहिलीतील एखाद्याची पाटी फुटलेली असते. दोघांपैकी एक प्रशिक्षणाला अथवा तालुक्याच्या बैठकीला गेला की चारही इयत्ता एकाच्या गळ्यात. अशा दिवशी शिकवणे होत नाही, राखण होते. हे कटू वाटेल, परंतु खेड्यातील कोणताही प्रामाणिक शिक्षक ते नाकारणार नाही.

दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार. एवढा वेळ शाळा खरोखर शाळा असते. मग हजेरी होते आणि हजेरीतून तांदूळ निघतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज शंभर ग्रॅम तांदूळ असे शालेय पोषण आहाराचे प्रमाण आहे. सत्तेचाळीस मुले हजर असतील तर चार किलो सातशे ग्रॅम तांदूळ काढून द्यायचा, त्या प्रमाणात डाळ, तेल, मीठ-मसाला मोजायचा, साठा नोंदवहीत वजा करायचा, शिजलेले अन्न मुलांआधी स्वतः चाखून चव नोंदवहीत सही करायची आणि दिवसाचा आकडा मोबाईलवरून वर पाठवायचा. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या पाड्यावर मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. मग गुरुजी फोन हातात धरून टेकाडाच्या दिशेने चालू लागतात आणि वर्ग वाट पाहत बसतो.

ही योजना वाईट आहे असे कोणीही म्हणणार नाही. १९९५ साली ती सुरू झाली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न देण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर कित्येक मुलांना दिवसातील पहिले पोटभर जेवण शाळेत मिळू लागले. उपाशी मुलाला बाराखडी येत नाही, हे शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार? प्रश्न घासाचा नाही, त्या घासामागच्या कागदाचा आहे.

कागदाची ही भूक कोठवर जाते, हे एका जुन्या योजनेवरून लक्षात येते. दुर्बल घटकांतील मुलींची शाळेतील उपस्थिती वाढावी म्हणून राज्यात १९९२ पासून दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना होती. हेतू उदात्त होता. परंतु एका मुलीला वर्षाकाठी दोनशे-सव्वादोनशे रुपये देण्यासाठी दाखला, यादी, बँक खाते, पावती आणि अहवाल असा पसारा मांडावा लागे. तो पसारा शिक्षकाच्या तासिकांतूनच काढलेला असे आणि त्या तासिकांचे मोल कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेले नव्हते.

आता नोंदवह्यांच्या जोडीला संगणकीय नोंदी आल्या. यू-डायस, सरल आणि इतर संकेतस्थळांवर तीच माहिती निरनिराळ्या रकान्यांत भरायची असते. कागद जाईल आणि संगणक येईल असे आश्वासन होते. कागद गेला नाही, संगणकही आला. संचमान्यतेसाठी आधार-पडताळणी झालेलीच पटसंख्या धरण्याचे धोरण आल्यापासून तर मुलाच्या नावातील एका वेलांटीवर शिक्षकाचे पद टांगलेले असते. मूल समोर बसले आहे, पाढे म्हणत आहे, पण आधारपत्रावर त्याचे नाव वेगळे पडले आहे, म्हणून हिशेबात ते नाहीच! ते नाव दुरुस्त करायला मजूर बाप रोज बुडवून तालुक्याला जाणार कसा? मग गुरुजीच त्याला आपल्या दुचाकीवर बसवून नेतात.

कायदा काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला शिक्षणेतर कामे देण्यास मनाई केली आहे. अपवाद तीनच आहेत : दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका. मात्र दार तीन बोटे उघडे ठेवले की आत काय काय शिरते, हे खेड्यातील शिक्षक जाणतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा या सगळ्या निवडणुका आहेतच. त्यांच्या मागे मतदारयादीचे काम वर्षभर चालते. नवे नाव घालण्याचा नमुना सहा, वगळण्याचा सात, दुरुस्तीचा आठ, हे आकडे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी झालेल्या शिक्षकाला पाढ्यांसारखे पाठ असतात. मतदारयादीचे काम शिक्षकांना सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये दिला होता. म्हणजे न्यायालयाने मुलांचा वेळ वाचवला, पण त्याची किंमत गुरुजींच्या रविवारातून वसूल झाली. आणि महामारीमुळे २०२१ मध्ये न झालेली जनगणना २०२७ साठी जाहीर झाल्यावर घरोघरी जाणारी पावले कोणाची, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

या सर्वांतून नेमके काय हरवते? हरवतात ते पहिलीचे पहिले सहा महिने. आणि खानदेशात ते हरवणे इतर कोठल्याहीपेक्षा महाग पडते, कारण येथे घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांच्यात एक नाला आडवा आहे. धुळे तालुका, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या भागांत मूल अहिराणी बोलत शाळेत येते. रावेर-यावलकडे लेवा बोली आणि गुजरांची बोली आहे, तर शिरपूर-चोपड्याच्या डोंगरकडेला भिली आणि पावरी. जॉर्ज ग्रिअर्सनने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भाषा-सर्वेक्षणाच्या खंडात खानदेशीला भिली भाषांच्या शेजारी स्वतंत्र स्थान दिले. २०११ च्या जनगणनेतही सुमारे साडेअठरा लाख लोकांनी नोंदवलेली मातृभाषा ‘खानदेशी’ या सदरात मोजली गेली. पहिल्या दिवशी ‘माले भूक लागनी’ म्हणणारे मूल पुस्तकातले ‘मला भूक लागली आहे’ हे वाक्य परक्याचे म्हणून ऐकते. अहिराणीचे अंतर निदान एका उडीचे आहे. पावरी बोलणाऱ्या मुलाला तर नावच लागते.

राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण देण्याच्या सोयी करण्यास सांगितले, शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषाच माध्यम असावी असे म्हटले, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला. परंतु या नाल्यावर पूल बांधणारा गवंडी एकच, तो म्हणजे पहिलीचा शिक्षक. तो परजिल्ह्यातून आलेला असेल तर आधी त्याला मुलांकडून त्यांची बोली शिकावी लागते. मग मुलाचा शब्द घ्यायचा, त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द ठेवायचा, दोन्ही म्हणवून घ्यायचे, आणि मुलाच्या शब्दाला कोणी हसणार नाही याची काळजी घ्यायची. हे काम कोणत्याही अहवालात दिसत नाही आणि त्याला सलग वेळ लागतो. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवल्या म्हणून त्यांच्या कविता वाचल्या आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. २०१८ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव लाभले. त्याच मातीतल्या पहिलीच्या मुलाने तोंडातून घरचा शब्द काढला की ‘नीट बोल’ म्हणून त्याला गप्प करणे, यासारखी विसंगती नाही. बोली म्हणजे मराठीच्या माहेरची माणसे. त्यांना दारात उभे ठेवून घरात शिकवणी चालत नाही.

दसरा येतो आणि कापूस फुटतो. वेचणीच्या दिवसांत वर्गातील मोठी मुले शेतात दिसू लागतात. मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातील आणि गुजरातेतील साखर कारखान्यांकडे ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात आणि एखाद्या वस्तीवरील शाळेचा पट पाहता पाहता ओसरतो. शिक्षक दारोदार फिरतो. ‘आजीपाशी ठेवा पोराला’ अशी विनवणी करतो. स्थलांतरित मुलाला शिक्षणहमी पत्रक देण्याची सोय आहे, ते भरून तो बापाच्या हातात ठेवतो. पण फडाजवळची शाळा किती दूर, तेथे कोण नेऊन घालणार, हे त्या पत्रकात लिहिलेले नसते. उचल घेतलेल्या बापाला नकार देता येत नाही, हे गुरुजींनाही समजते. म्हणून त्यांचा राग कोणावरच निघत नाही आणि मनात साचत जातो.

शिक्षकवर्ग निर्दोष आहे असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. शहरात बिऱ्हाड करून एस.टी.च्या वेळेवर शाळा उघडणारे आणि मिटवणारे आहेत. कायद्याने मनाई असूनही खासगी शिकवणीत रमणारे आहेत. बदलीसाठी पुढाऱ्यांचे उंबरे झिजवणारे आहेत. त्यांच्यामुळे गावाचा विश्वास उडतो आणि त्याची शिक्षा काम करणाऱ्याला भोगावी लागते. परंतु व्यवस्थेने शिक्षकाला कसे वागवले, हेही नोंदले पाहिजे. २००० साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेत तीन वर्षे मासिक तीन हजार रुपये मानधनावर प्राथमिक शिक्षक राबले. ते मानधन सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले, तेव्हा वीस-पंचवीस वर्षे मुले घडवलेल्या माणसांनी पुन्हा अभ्यासाची पुस्तके उघडली. गुणवत्तेचा आग्रह योग्यच आहे. मात्र ज्याला वर्गात उभे राहायला वेळ मिळत नाही, त्याची परीक्षा वर्गाबाहेर घेण्याचा हा क्रम विचार करायला लावणारा आहे.

सरकारने काय करावे याची निवेदने शिक्षक संघटना देतच असतात. समाजाच्या हातात काय आहे, हा वेगळा प्रश्न. कायद्याच्या कलम २१ ने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे घातले. बहुतेक गावांत ही समिती सहीपुरती उरली आहे. इतिवृत्त गुरुजींनीच लिहायचे आणि सह्यांसाठी वही घेऊन घरोघर फिरायचे! वास्तविक आहार शिजवताना देखरेख, आधारदुरुस्तीसाठी पालकांना एकत्र तालुक्याला नेणे, वेचणीच्या दिवसांत कोणत्या घरचे मूल आले नाही याची चौकशी, ही कामे गावातील सेवानिवृत्त तलाठी, माजी सैनिक किंवा दहावी-बारावी झालेली सून करू शकते. बोलीचा पूल बांधायला तर गावातील आजीइतके योग्य कोणीच नाही. आठवड्यातून एक तास ती वर्गात येऊन अहिराणीत वा पावरीत गोष्ट सांगेल आणि बाई तीच गोष्ट फळ्यावर पुस्तकाच्या मराठीत लिहितील, यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही.

आणि एक निकडीचे काम आहे एप्रिलचे. तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी ओलांडतो, शाळा सकाळची होते आणि वार्षिक मूल्यमापन तोंडावर येते. नेमक्या त्याच दिवसांत ऊसतोडीच्या गाड्या परततात. पाच महिने अक्षर न पाहिलेली मुले वर्गाच्या मागच्या भिंतीशी येऊन बसतात. गुरुजींना निकालपत्रके करायची असतात, साठ्याची अखेरची जुळणी करायची असते, वर्षअखेरची माहिती भरायची असते. त्या मुलांना घेऊन रोज सकाळी दीड तास वाचन-लेखन करून घेणारी दोन माणसे व्यवस्थापन समितीने मार्चमध्येच ठरवून ठेवली, तर जूनच्या मध्यावर शाळा उघडेल तेव्हा त्या मुलांना पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागणार नाही.