आज डब्यात काय?



संयोजकांनी मला 'मैत्री' हा विषय दिला होता. दोन दिवस बसून वहीत लिहून काढलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "निबंध झालाय. बाईंनी दहापैकी सहा दिले असते." म्हणून ते कागद घरीच ठेवून आलोय. त्याऐवजी एका खोलीची गोष्ट सांगतो.

त्या खोलीत आपल्याच वर्गातले तिघं राहत होतो. एक मी. दुसरा आपला गोलकीपर, तो बघा, तिसऱ्या रांगेत बसून आत्तापासूनच हसतोय. तिसरा मॉनिटर. दोघांना विचारूनच बोलतोय. मॉनिटर म्हणाला, "सांग, पण नाव घेऊन कीर्तन करू नकोस." तेव्हा नाव घेत नाही. तसंही मॉनिटर म्हटल्यावर तुम्हाला वेगळं काय सांगायचं!

साल १९९३. सदाशिव पेठेतला एक जुना वाडा, वरच्या मजल्यावर एक खोली, तीन कॉट आणि एक खिडकी. काकूंचा, म्हणजे मॉनिटरच्या आईचा, डबा भोरहून सकाळच्या एसटीने यायचा. आम्ही पाळीपाळीने सायकलवर स्वारगेटला जाऊन तो उतरवून घ्यायचो आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत चढवायचो. चार कप्प्यांच्या त्या डब्यात तिघांचं भागायचं. त्यामुळे खोलीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आज डब्यात काय?" आणि दोडका निघाला की गोलकीपरचं दुसरं वाक्य, "अजून?" भोरला त्या वर्षी दोडक्याशिवाय काही पिकलंच नव्हतं, असं त्याचं आजही ठाम मत आहे.

आमचं बोलणं असं फुटकळ असायचं. नळ किती वाजता गेला, सायकलची हवा कुणी सोडली, मालकीणबाईंनी जिन्यातला दिवा पुन्हा का काढला. मुद्द्याचं काही आम्ही कधी बोललोच नाही.

गणपतीच्या आधी मॉनिटरला खोकला लागला, तो तीन आठवडे हटेना. संध्याकाळी अंग कढत व्हायचं. पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवं भोक पाडलं, तेव्हा आम्ही त्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे झाला, थुंकीची तपासणी झाली. टीबी निघाला.

डॉक्टरांनी तिघांनाही समोर बसवून सांगितलं. आजार खोकल्यातून, हवेतून पसरतो. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा. नेमानं औषध घेतलं की साधारण दोनेक आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती खूपच कमी होते. भांड्याकुंड्यांनी हा आजार पसरत नाही. गोळ्या मात्र सहा महिने, एकही दिवस न चुकवता. आम्हा दोघांच्याही छातीचे फोटो काढले, ते स्वच्छ निघाले.

मालकीणबाईंना कळलं तर खोली जाणार, हे उघड होतं. काकूंना कळवायला मॉनिटर तयार नव्हता. राहिलो आम्ही दोघं, आणि आम्हाला तर आजाऱ्याशी काय बोलावं हेच येत नव्हतं. "कसं वाटतंय?" असं मी एकदा विचारलं, तर तो असा बघायला लागला की पुन्हा विचारलं नाही. वाट गोलकीपरनं काढली. त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं, त्यानं लघवी केशरी होते. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी हा सकाळी ओरडला, "काय मॉनिटर, आज केशरी का?" मॉनिटर म्हणाला, "एकदम हापूस." (बाई, माफ करा, पण होतं ते हे असं होतं.) तेव्हापासून रोज सकाळी हेच. त्याला ती थट्टा वाटायची, आम्हाला कळायचं की गोळी पोटात गेली.

आता माझी गोष्ट. आपल्याला शास्त्रात रॉबर्ट कॉख होता. १८८२ साली त्यानं क्षयाचे जंतू शोधले, क्षय हवेतून पसरतो, हे उत्तर मी परीक्षेत बरोबर लिहून पूर्ण गुण घेतलेले आहेत. डॉक्टरांनीही तेच सांगितलेलं. आणि तरीही मी, पूर्ण गुणवाल्यानं, माझ्या चहाच्या कपाच्या कानाला काळा दोरा बांधला. तिन्ही कप सारखे होते, अदलाबदल होऊ नये म्हणून. मॉनिटरनं विचारलं, "नजर लागू नये म्हणून का रे?" मी म्हटलं, "हो, मालकीणबाईंची." तिघंही हसलो.

दोन महिन्यांत खोकला गेला, ताप गेला, मॉनिटरच्या गालावर मांस दिसायला लागलं. दिवाळीनंतर एका सकाळी मी पेन्सिल तासायला ब्लेड हवं म्हणून त्याची कंपासपेटी उघडली. आत वर्तमानपत्राच्या तुकड्यात गोळ्या होत्या. मोजल्या तर नऊ दिवसांच्या. म्हणजे नऊ दिवस तो आम्हाला "हापूस" म्हणून सांगत होता.

मी चिडलो. नको ते बोललो. काकूंना कळवतो म्हणालो, जीव नकोसा झालाय का, असंही म्हणालो. तो कॉटवर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "तुझा दोरा पहिल्याच दिवशी कळला मला. गोळ्या चालू आहेत तोवर मी आजारीच ना? म्हटलं, बंद केल्या की बरा झालो. मग तूच सोडशील."

गोलकीपर दारात उभा होता. तो काहीच बोलला नाही, आणि त्याला बोलता न येण्याची ती मी पाहिलेली एकमेव वेळ. मी दोरा सोडायला गेलो तर तो चहात भिजून आवळला होता, सुटेना. शेवटी त्याच ब्लेडनं कापला. चहा केला. तीन कपांतला कुठला कोणाकडे गेला, ते बघितलं नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तिघांनाही झाडलं. मध्येच औषध सोडलं की जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, मग उपचार लांबतो आणि अवघड होतो, हे पुन्हा सांगितलं. थुंकी परत तपासली. नशीब, जंतू दिसले नाहीत. मुदत मात्र वाढली. त्यानंतर मॉनिटर गोळी आमच्यासमोर घ्यायचा. मी मागितलं नव्हतं, त्यानंच ठरवलं.

त्याच महिन्यात हिरो कपचा उपांत्य सामना होता, २४ नोव्हेंबरला, कोलकात्याला. मालकीणबाईंच्या टीव्हीसमोर आम्ही जमिनीवर बसलो होतो. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि चेंडू सचिनच्या हातात. त्यानं तीनच दिल्या. आपण दोन धावांनी जिंकलो आणि मॉनिटर इतका ओरडला की त्याला ठसका लागला. आम्ही दोघं एकदम त्याच्याकडे वळलो. तो म्हणाला, "अरे, साधा ठसका आहे, टीव्ही बघा!"

उन्हाळ्यात गोळ्या संपल्या. काकूंना त्यानं नोकरी लागल्यावर सांगितलं. त्यांनी आम्हा तिघांनाही चांगलंच फैलावर घेतलं. मला सगळ्यात जास्त, कारण स्वारगेटला डबा घ्यायला जास्त करून मीच जायचो आणि त्यांना वाटायचं, निदान मी तरी खरं कळवीन.

गेल्या वर्षी माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मी कोणाला कळवलं नव्हतं, गोलकीपरनं कळवलं. घरी आल्यापासून मॉनिटरचा रोज सकाळी आठला फोन. तब्येतीचं एक अक्षर नाही. मी फोन उचलला की, "आज डब्यात काय?"

"दोडका," मी म्हणायचो. बिनतेलाचा, बिनमिठाचा दोडका.

"अजून?"