परदेशी गिऱ्हाईक आणि एकत्रित टपालहशील



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते कामगार चळवळीविषयी चार शब्द सांगावेत म्हणून. मी विषय कळवला तेव्हा चिटणिसांनी मुद्दाम दूरध्वनी करून विचारले की, हे पत्र आमच्यासाठीच आहे ना? विषय आमच्यासाठीच आहे आणि तो चळवळीचाच आहे, हे पाऊण तासात पटवून द्यावे अशी माझी उमेद आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे पंडितांनी माझे बोलणे थोडे सांभाळून घ्यावे.

कारखान्यांची फाटके बंद झाली तसे काम घरात शिरले. पूर्वी घरात विडी वळत, पापड लाटत. आज आमच्या सभासदांची मुले, सुना आणि निवृत्त झालेले सभासदही घरात बसून जुनी तिकिटे, पहिल्या दिवसाची टपाल-पाकिटे, काड्यापेटीचे छाप, जुन्या चित्रपटांच्या गाण्यांची पुस्तके, हातछपाईचे रुमाल अशा वस्तू इंटरनेटवरच्या लिलावात मांडतात. गिऱ्हाईक असते लीड्सचे, हॅम्बुर्गचे, मेलबर्नचे. या मंडळींना कोणी कामगार म्हणत नाही, कारण त्यांना मालक दिसत नाही. पण दलाली ठरवणारा दुसरा, पैसे रोखून धरणारा दुसरा आणि दिवसाचे दहा तास राबणारे मात्र हे! अशा घरात महिनाअखेरीस काय उरते याचा हिशेब मी मांडून बसलो, तेव्हा सर्वांत मोठी गळती मला टपालहशिलात दिसली.

टपालहशील असे का आकारतात, हे आधी पाहू. १८७४ साली बर्न येथे बावीस राष्ट्रे जमली आणि जागतिक टपाल संघाचा पाया घातला गेला. हिंदुस्थान त्यात १८७६ साली आला. संघाचे तत्त्व मोठे उदार होते. सगळे सभासद देश मिळून टपालाचा एकच मुलूख. पाठवणाऱ्या देशाने तिकिटाचे पैसे ठेवावेत आणि घेणाऱ्या देशाने फुकट बटवडा करावा, कारण प्रत्येक पत्राला उत्तर जाते, तेव्हा फिटंफाट होते. पत्रांच्या काळात हे चालले. पुढे माल जाऊ लागला, आणि मालाला उत्तर येत नाही! म्हणून १९६९ च्या तोकिओ अधिवेशनात ठरले की, ज्याच्याकडे टपाल जास्त येते त्याला पाठवणाऱ्याने बटवड्याचा मोबदला द्यावा. आरंभी हा मोबदला केवळ वजनावर होता. पुढे तो दुहेरी झाला, इतके नगामागे आणि इतके किलोमागे. २०१९ साली याच दरांवरून अमेरिका संघ सोडावयास निघाली होती आणि जिनिव्हाच्या खास अधिवेशनात तडजोड होऊन ती राहिली.

नगामागे आणि किलोमागे, हे दोन शब्द ध्यानात ठेवा. किलोमागचा पैसा विमानाचा. नगामागचा पैसा हाताचा. पुडके दहा ग्रॅमचे असो की किलोचे, खिडकीवरचा कारकून ते एकदाच नोंदवतो, छाननी करणारा एकदाच उचलतो, आणि तिकडे परक्या गावातला पोस्टमन एकदाच जिना चढतो. १९४६ च्या जुलैत आपल्याकडचे टपाल कामगार संपावर गेले तेव्हा या हातांची किंमत देशाला कळली होती. असो. सांगावयाचे ते असे की, पाच नग पाच पुडक्यांत गेले तर पाच जिन्यांची मजुरी द्यावी लागते. एका पुडक्यात गेले तर एका जिन्याची.

आता आकडे घेऊ. हे आकडे समजुतीपुरते आहेत, दर तर बदलत असतात. समजा, परदेशी पाकिटाला पहिल्या १०० ग्रॅमला ३५० रुपये पडतात आणि पुढच्या प्रत्येक १०० ग्रॅमला ६० रुपये. एक वस्तू ४० ग्रॅमची, तिचे पुठ्ठा-वेष्टन ३० ग्रॅमचे, म्हणजे नग ७० ग्रॅमचा. पाच नग वेगवेगळे पाठवले तर १,७५० रुपये. एकत्र पाठवले तर वस्तू २०० ग्रॅम, मोठे वेष्टन ४० ग्रॅम, एकूण २४० ग्रॅम; म्हणजे ३५० अधिक दोनदा ६०, एकूण ४७०. वाचले १,२८० रुपये. आमच्या कितीएक घरांत हे १,२८० रुपये म्हणजे महिन्याचे वीजबिल.

पण हे पैसे कोणाचे? प्रश्न येथे आहे. विक्रेता म्हणेल, माझी हुशारी, तेव्हा माझे. गिऱ्हाईक म्हणेल, टपालाचे म्हणून घेतलेस, टपालाला लागले नाहीत, तेव्हा परत दे. माझे मत गिऱ्हाइकाच्या बाजूचे आहे, आणि ते केवळ सचोटीपायी नव्हे. लिलावात बोली लावणारा मनात वस्तूची किंमत आणि हशील यांची बेरीज करीत असतो. वस्तूला ६५० रुपयांपर्यंत जावयाचे असे त्याने ठरवले आणि हशील ३५० असले, तर तो ३०० ला थांबतो. दुसऱ्या नगाला हशील फक्त ४० रुपये वाढेल हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर त्याच नगावर तो ६१० पर्यंत जाऊ शकतो. समोर दुसरा बोलीवाला असला म्हणजे ही वाढ विक्रेत्याच्या पदरात पडते. मात्र 'आधीच' या शब्दावर सारे आहे. हातोडा पडल्यावर दिलेली सवलत गिऱ्हाइकाला गोड लागते, बोली काही वाढत नाही.

म्हणून वस्तूच्या वर्णनातच स्वच्छ लिहावे: पहिल्या नगाला पूर्ण हशील, पुढच्या प्रत्येकाला इतके. ईबेवर अशी तरतूद आहे. विक्रेत्याने आपल्या खात्यात नियम घालून ठेवला की, यंत्र स्वतःच बेरीज करते. एक रीत नगावर ठरावीक वाढ घेण्याची, दुसरी एकूण वजन धरून हशील काढण्याची. तिकिटे, छाप, पाकिटे अशा सारख्या वजनाच्या मालाला पहिली सोयीची. पितळी दिवा आणि रुमाल एकत्र विकणाऱ्याने दुसरीच धरावी, नाहीतर दिव्याचे वजन त्याच्या खिशाला बसेल.

लिलावाची अडचण निराळी. दुकानात गिऱ्हाईक सगळा माल एकदम गल्ल्यावर आणते. येथे एक लिलाव सोमवारी संपतो, दुसरा गुरुवारी. सोमवारचे पैसे लगेच भरले गेले की, त्या नगाचे हशील वसूल झालेच आणि माल ठरल्या मुदतीत रवाना करण्याची घंटाही वाजू लागली. म्हणून एका जातीच्या वस्तूंचे लिलाव एकाच संध्याकाळी, पाचदहा मिनिटांच्या अंतराने संपतील असे लावावेत. गिऱ्हाइकाला सांगावे की, पैसे भरण्याची घाई करू नका, सर्व लिलाव संपल्यावर एकत्र हिशेब मागा. विक्रेत्याने तो सुधारून पाठवावा आणि मग पैसे यावेत. अलीकडे काही ठिकाणी बोली लावतानाच पैसे देण्याची तजवीज करून घेतात आणि जिंकताच रक्कम कापली जाते. तेथे हा मार्ग खुंटतो आणि फरक मागाहून परत करणे एवढेच उरते. त्यात हुंडणावळीची थोडी खोट बसते.

हशिलात नफा लपवण्याची खोड जुनी आहे. ईबे १९९५ साली अमेरिकेत पियेर ओमिद्यार यांनी सुरू केले. पहिला विकला गेलेला नग म्हणजे मोडका लेझर-दर्शक, १४ डॉलर ८३ सेंटला! दलाली वस्तूच्या किमतीवर असे, हशिलावर नसे. तेव्हा चतुर विक्रेत्यांनी वस्तू एका सेंटला आणि हशील पंधरा डॉलर असा खेळ मांडला. २००७ साली गिऱ्हाइकांना विक्रेत्याच्या हशिलाबद्दल वेगळ्या चांदण्या देण्याची सोय झाली, आणि २०११ साली अमेरिकेत दलाली हशिलावरही लागू झाली. चतुरांच्या पापाचा दंड सरळ माणसांनाही बसला तो असा. खरोखर टपालखात्यात भरलेल्या पैशावर दलाली का द्यावी, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

विक्रेत्यांनी कधी एकजूट केली नाही असे मात्र नाही. २००८ च्या फेब्रुवारीत, दलालीतले बदल आणि गिऱ्हाइकाबद्दल वाईट शेरा देण्याचा विक्रेत्याचा हक्क काढून घेणे, या दोन कारणांवरून हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर माल मांडला नाही. याला संप म्हणावे की बहिष्कार, यावर आमच्या कचेरीत एकदा दोन तास वाद झाला. मागणी पुरी झाली नाही. विखुरलेल्या, एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या माणसांचा लढा किती अवघड असतो, हे त्यावरून दिसते.

मग विक्रेत्याच्या श्रमाचे काय? पुठ्ठा कापणे, गुंडाळणे, पत्ता, जाहीरपत्रक, खिडकीवरची रांग याची मजुरी त्याने घेतलीच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की, ती उघड घ्यावी. वर सांगितलेल्या उदाहरणात पुढच्या चार नगांना ४०-४० रुपये घेतले तर गिऱ्हाइकाकडून ५१० येतात आणि टपालाला ४७० जातात. उरलेले ४० वेष्टनाचे आणि श्रमाचे. गिऱ्हाईक एवढ्याला नाही म्हणत नाही. शिवाय पाच पुडकी बांधण्याचा वेळ वाचतो तो निराळाच.

आता एकत्र पाठवू नये ते प्रसंग. लहान पाकिटाची मर्यादा दोन किलोंची, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून ९० सेंटिमीटर, त्यात कोणतीही एक बाजू ६० हून अधिक नसावी. ती ओलांडली की पार्सलाचा दर. सीमेवर अडकलेल्या वजनाचे दोन भाग करणे कधी कधी स्वस्त पडते. दुसरी गोष्ट गहाळ मालाची. रजिस्टर केलेला नग हरवला तर टपाल संघाच्या नियमाप्रमाणे भरपाई ३० एसडीआर; एक एसडीआर म्हणजे साधारण सव्वा ते दीड डॉलर. ही भरपाई नगामागे आहे, आतल्या वस्तूंमागे नव्हे. पाच हजारांच्या पाच वस्तू एका पाकिटात घातल्या तर पाच पाकिटांची भरपाई मिळत नाही. किमती माल असेल तेव्हा विमा उतरवावा, नाहीतर दोन पुडकी करावीत.

तिसरी गोष्ट जकातीची, आणि ती फार जणांना चकवते. ब्रिटनने २०२१ सालापासून असा नियम केला की, १३५ पौंडांपर्यंतच्या पुडक्यावरचा व्हॅट बाजारपेठेने विक्रीच्या वेळीच घ्यावा. त्यावर गेले की कर आणि जकात सीमेवर. मर्यादा पुडक्याची आहे. पन्नास पौंडांच्या तीन वस्तू वेगवेगळ्या गेल्या तर प्रत्येक मर्यादेच्या आत. एकत्र केल्या की दीडशे, म्हणजे बाहेर. मग विक्रीच्या वेळी घेतलेला कर एकीकडे आणि सीमेवर मागितलेला दुसरीकडे, असा घोळ होऊ शकतो. गिऱ्हाईक शिव्या देते ते विक्रेत्याला. अशा वेळी हशिलाची बचत सोडून दोन पुडकी करणे शहाणपणाचे. मात्र 'भेटवस्तू' असे खोटे लिहून किंवा किंमत कमी दाखवून सुटका करून घेऊ नये. जाहीरपत्रकावर प्रत्येक नग, त्याची खरी किंमत आणि वजन वेगळे लिहावे.

जुन्या नाण्यांच्या नादी लागलेल्या तरुणांना येथेच सांगून ठेवतो की, शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्या १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याखाली खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, मग ती एकत्र असो की एकटी.

अमेरिकेचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी उठवली गेली. जकात कोणी, कशी गोळा करावी हेच स्पष्ट नसल्याने अनेक देशांच्या टपालखात्यांनी पुडकी घेणे थांबवले. आपल्या खात्याने २५ ऑगस्टपासून थांबवले आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केले. त्या सात आठवड्यांत आमच्या काही घरांत विकलेला माल कपाटात पडून राहिला आणि पैसे परत करावे लागले. त्या हुकुमात काही महिन्यांसाठी टक्केवारीऐवजी नगामागे ८० ते २०० डॉलरची ठोक जकात असाही पर्याय होता. दहा डॉलरच्या छापावर ऐंशी डॉलर जकात! ईबेची भारतातली बाजारपेठ २०१८ सालीच बंद झाल्यामुळे येथल्या विक्रेत्याला तेथे देशी गिऱ्हाईक नाही, आणि परदेशात गिऱ्हाईक एकाच देशातले असले की असा घाला बसतो. ज्या दोघातिघांनी जर्मनी आणि ऑस्ट्रेलियाची गिऱ्हाइके धरून ठेवली होती, त्यांचे घर त्या दिवसांत चालले.

शेवटी, मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न. गिऱ्हाइकाने माहिती नसल्याने पाचही नगांचे पूर्ण हशील भरून टाकले आणि काही बोलले नाही, तर? माल एकाच पुडक्यात भरावा, खिडकीवर पावती घ्यावी, आणि फरक त्याच दिवशी परत करून पावतीचे छायाचित्र सोबत धाडावे. मुदत जाऊ देऊ नये, कारण पुडके हाती पडले की, गिऱ्हाईक वरचे तिकीट वाचतेच.