थांबविण्याचा अधिकार : घरगुती बियरच्या भट्टीचा विद्युत्-फलक



कार्यक्रमपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील, आणि त्यांना मी दोष देणार नाही. कारण ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अद्याप अमलात आहे आणि परवान्यावाचून घरच्या घरी मद्य करण्यास ज्या कायद्याने मनाई केली आहे, त्या राज्यात उभे राहून घरगुती भट्टीची वाखाणणी करणे हे वक्त्यालाही शोभणारे नाही आणि चालकांनाही परवडणारे नाही. म्हणून आरंभीच खुलासा करतो, की मी बोलणार आहे ते अमेरिकेतील भट्टीविषयी, जेथे हा उद्योग कायद्याने मान्य आहे. आणि त्यातही बियरविषयी थोडे, आणि त्या भट्टीशेजारी भिंतीवर टांगलेल्या एका लोखंडी पेटीविषयी पुष्कळ.

अमेरिकेतही ही मुभा पूर्वापार नव्हती. १९३३ साली तेथील दारूबंदी उठली, तेव्हा घरी द्राक्षासव करण्याची सवलत लोकांना मिळाली, परंतु बियरचे नाव त्या सवलतीत आलेच नाही, आणि पुढची पंचेचाळीस वर्षे घरी बियर करणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार राहिला. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, त्याने ही अडचण दूर केली : एकट्या प्रौढ माणसाच्या घरी वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरी २०० गॅलन बियर, स्वतःच्या उपयोगापुरती, विक्रीची नव्हे, अशी मर्यादा घालून कर माफ झाला. प्रत्येक संस्थानाचा कायदा निराळा असल्यामुळे मिसिसिपी आणि अलाबामा या दोन संस्थानांनी मात्र २०१३ पर्यंत वाट पाहिली. या मुभेचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की सुतारकाम, लोहारकाम आणि विजेचे काम यांची हौस असलेला मोठा वर्ग या छंदाकडे वळला, आणि गॅसच्या शेगडीवरचे पातेले सोडून विजेच्या भट्टीकडे आला.

वीज कशासाठी, हे समजण्यासाठी बियरची कृती दोन वाक्यांत सांगावी लागेल. जवाला मोड आणून, ते वाळवून, भरडून गरम पाण्यात भिजत ठेवले म्हणजे धान्यातलीच विकरे त्याच्या पिठाची साखर करतात. तो गोड काढा गाळून, हॉप्स घालून उकळला, निववला आणि त्यात यीस्ट सोडले, की पुढचे काम ते सूक्ष्म जीव करतात. सगळी मेख पहिल्या पायरीत आहे. या विकरांपैकी बीटा-अमायलेज हे ६० ते ६५ अंश सेल्सियसला उत्तम काम करते आणि त्यापुढे लवकर मरते, आल्फा-अमायलेजला ७० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. पहिल्याने तयार केलेली साखर यीस्ट पूर्णपणे खाते, दुसऱ्याच्या साखरेचा बराच भाग मागे राहतो. त्यामुळे ६४ अंशांना भिजवलेल्या धान्याची बियर पातळ व कोरडी होते आणि ६९ अंशांना भिजवलेल्याची दाट व गोडसर. पाच अंशांच्या या अरुंद गल्लीत तासभर पाण्याला रोखून धरणे, एवढेच काय ते काम.

ही जाण जुनी आहे. मायकेल कोम्ब्रून या इंग्रज मद्यकाराने १७५८ साली लिहिलेल्या निबंधात तापमापकाचा उपयोग या व्यवसायात करून दाखवला. आणि आपणां सर्वांना शाळेत भेटलेला जेम्स जूल हा सॅल्फर्डच्या भट्टीवाल्याचाच मुलगा. १८१८ चा जन्म, घरच्या भट्टीत काम केलेला. अंशाचा शंभरावा-दोनशेवा भाग वाचण्याची जी सवय त्याने अंगी बाणवली, तिच्यावर आरंभी विद्वानांचा विश्वास बसेना. याच जूलने १८४१ साली असा नियम मांडला, की तारेत उत्पन्न होणारी उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. विजेच्या भट्टीतील एलिमेंट तापते ते याच नियमाने, म्हणजे भट्टीवाल्याच्या मुलाचा नियम पुन्हा भट्टीत आला. इतिहासात असे योगायोग असतात. त्यांतून फार अर्थ काढू नये.

आता आकडे पाहू. अमेरिकेतील घरात दोन जिवंत तारा येतात; प्रत्येकीचा न्यूट्रलशी दाब १२० व्होल्ट, आणि परस्परांशी २४०. हौशी मंडळींत सर्वाधिक खपणारे एलिमेंट ५,५०० वॅटचे. २४० व्होल्टवर ते सुमारे २३ अँपिअर ओढते, आणि हा आकडा आपोआप आलेला नाही : ३० अँपिअरच्या परिपथावर दीर्घकाळ चालणारा भार चारपंचमांशापेक्षा, म्हणजे २४ पेक्षा अधिक नसावा असा तेथील दंडक आहे, त्यात तो बरोबर बसतो. याच एलिमेंटला चुकून १२० व्होल्ट दिले तर उष्णता निम्मी होत नाही, चौथाई होते, म्हणजे १,३७५ वॅट; जूलचा वर्ग तेथे आडवा येतो. चाळीस लिटर पाणी २० अंशांवरून ६७ अंशांवर नेण्यास पूर्ण शक्तीवर साधारण २४ मिनिटे लागतात. यावरून लक्षात यावे, की येथे खेळण्यातल्या विजेचा प्रश्न नाही. ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी, धातूच्या हंड्याला खेटून उभ्या राहिलेल्या माणसाच्या वीतभर अंतरावर ही शक्ती वावरत असते.

या शक्तीचा कारभार ती पेटी कसा पाहते? हंड्याच्या तोटीजवळ प्लॅटिनमचा एक संवेदक बसवलेला असतो. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम, आणि दर अंशाला तो ०.३८५ ओहमने वाढत जातो. आता संवेदकापासून पेटीपर्यंतच्या तारेचाच रोध काही दशांश ओहम असेल तर अर्धा-एक अंशाची लबाडी त्या तारेतच घडेल. म्हणून या संवेदकाला दोनऐवजी तीन तारा जोडतात, आणि तिसऱ्या तारेच्या साक्षीने पेटीतला नियंत्रक तारेचा रोध वजा करून टाकतो. स्वस्त म्हणून दोन तारांचा संवेदक घेणारा मनुष्य पुढे आपल्या बियरच्या चवीचा दोष धान्यावर ढकलतो.

नियंत्रक ज्या रीतीने विचार करतो तिला पीआयडी म्हणतात. आत्ता किती अंतर आहे, आजवर किती अंतर साठले, आणि अंतर कोणत्या वेगाने मिटते आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज करून तो एलिमेंटला किती उष्णता द्यावयाची हे ठरवतो. निकोलस मिनोर्स्की याने १९२२ साली जहाजाच्या सुकाणूसाठी याचे गणित मांडले, आणि निष्णात सुकाण्या फक्त दिशेतील चूक पाहत नाही, ती चूक कशी बदलते आहे हेही पाहतो, हे त्याच्या ध्यानी आले होते. झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये या तीन पदांची मूल्ये ठरवण्याची कामचलाऊ पण टिकाऊ रीत दिली. गंमत अशी, की काढा उकळू लागला की या साऱ्या विद्येचा उपयोग संपतो, कारण उकळत्या पाण्याचे तापमान निसर्गानेच बांधून ठेवलेले असते. तेव्हा नियंत्रकाला बाजूस सारून "साठ टक्के शक्ती" एवढाच हुकूम द्यावयाचा.

हुकूम नियंत्रकाचा, परंतु अंमलबजावणी त्याच्या हाती नाही. तो जेमतेम बारा व्होल्टचा इशारा सॉलिड स्टेट रिलेला देतो, आणि हा रिले २३ अँपिअरचा प्रवाह सेकंदा-दोन सेकंदांच्या आवर्तनांत जोडतो व तोडतो. त्यात हलणारा भाग नाही, आवाज नाही, ठिणगी नाही. उष्णता मात्र आहे, सुमारे ३० वॅट, आणि ती बाहेर टाकण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा पंखाळ ठोकळा पेटीच्या अंगावर बसवावा लागतो. हा ठोकळा पेटीच्या आत कोंडणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांची पेटी बाहेरून फार देखणी असते.

येथे मी आजच्या मुख्य मुद्द्यावर येतो. हा रिले बिघडतो, तेव्हा बहुधा जोडलेल्या अवस्थेत बिघडतो. नियंत्रक "पुरे" म्हणतो, त्याचा दिवा विझतो, आणि एलिमेंट पूर्ण शक्तीने तापतच राहते. शिवाय रिले शाबूत असला आणि बंद असला तरी त्यातून काही मिलिअँपिअर प्रवाह झिरपत असतो, त्यामुळे एलिमेंटच्या टोकांशी हात नेण्यासारखी ती "बंद" अवस्था नव्हे. म्हणून नियंत्रण-फलकाची परीक्षा तो उष्णता किती अचूक देतो यावरून करू नये. ती कोण थांबवू शकतो, किती ठिकाणी थांबवू शकतो, आणि थांबवणारा स्वतः मोडला तर काय होते, यावरून करावी. चालू करण्याचा अधिकार एकाच बटणाला असला तरी चालेल. थांबविण्याचा अधिकार मात्र अनेकांना असावा, आणि त्यांपैकी कोणालाही वरच्याची परवानगी लागू नये.

हे साधते कॉन्टॅक्टरने. रिलेच्या आधी, दोन्ही जिवंत तारांवर, विद्युत्-चुंबकाने मिटणारा हा मोठा खटका असतो. त्याच्या कॉइलचा परिपथ तांबड्या बटणातून जातो, आणि ते बटण एरवी जोडलेले असते; दाबले की तुटते. म्हणजे बटण दाबले, बटणाची तार निसटली, उंदराने कुरतडली, किंवा वीजच गेली, तरी परिणाम एकच : कॉइल सुटते आणि भट्टी बंद होते. याउलट काही अमेरिकी हौशी लोकांनी तांबड्या बटणाची निराळी तजवीज लोकप्रिय केली आहे. बटण दाबले की दोनएक हजार ओहमच्या रोधातून जिवंत तारेचा प्रवाह मुद्दाम अर्थिंगमध्ये सोडायचा, आणि त्या गळतीने गळती-ब्रेकर उडवायचा. युक्ती चतुर आहे, आणि माझ्या मते त्याज्य आहे. अर्थिंगची तार तुटलेली असेल त्या दिवशी हे बटण काहीच थांबवत नाही, उलट पेटीचा पत्रा जिवंत करते, आणि मग ब्रेकर उडण्यास वाट मिळते ती पेटीला हात लावणाऱ्याच्या देहातून. संकटकाळचे साधन दुसऱ्या साधनाच्या सुस्थितीवर विसंबलेले असू नये.

आपल्याकडील शेतकऱ्याला यातले तत्त्व नवे नाही. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये हिरवे बटण दाबून सोडले तरी कॉइल आपल्याच एका जादा संपर्कातून स्वतःला धरून ठेवते, आणि वीज गेली की सुटते. वीज परत आली तरी पंप आपणहून सुरू होत नाही. वीज रात्री-अपरात्री येते म्हणून आपण त्याला ऑटो स्विच जोडतो आणि ही मूळची सावधगिरी रद्द करतो. शेतकऱ्याचा नाइलाज मी समजू शकतो. परंतु भट्टीत हेच केले, तर वीज गेलेल्या वेळात हंडा रिकामा केलेला असतो आणि परतलेली वीज कोरडे एलिमेंट जाळून टाकते. चांगल्या फलकात म्हणून आणखी एक अट घालतात, की सर्व एलिमेंटांचे आणि पंपांचे खटके बंद असल्यावाचून मुख्य कॉन्टॅक्टर मिटताच कामा नये.

राहिला गळती-ब्रेकर. जाणारा आणि परतणारा प्रवाह समान आहे की नाही, एवढेच तो एका कड्यातून पाहतो. फरक पडला तर तो प्रवाह कोणत्यातरी भलत्या मार्गाने, कदाचित माणसातून, जमिनीत जात आहे. चार्ल्स डॅल्झिएल या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापकाने स्वयंसेवकांवर प्रयोग करून माणसाच्या हाताची पकड किती प्रवाहाला सुटेनाशी होते हे मोजले, आणि १९६१ च्या सुमारास घरगुती वापराचे हे उपकरण सिद्ध केले. अमेरिकेत ते ५ मिलिअँपिअरच्या आसपास उडते; आपल्याकडे घरातील आरसीसीबी सामान्यतः ३० मिलिअँपिअरचे असतात. अमेरिकी हौशी माणूस हा ब्रेकर गरम पाण्याच्या टबासाठी तयार मिळणाऱ्या पेटीतून घेतो, कारण त्या टबांच्या खपामुळे ती स्वस्त पडते. ती बहुधा ५० अँपिअरची असते, म्हणून तिच्या आधी ३० अँपिअरचा ब्रेकर हवाच. नाहीतर तारेचे रक्षण करणारे कोणी उरत नाही.

आपणांपैकी बहुतेकांना भट्टी बांधावयाची नाही, आणि कायद्याने बांधताही येणार नाही. परंतु न्हाणीघरातला गीझर हे याच कुळातले यंत्र आहे : एक एलिमेंट, एक थर्मोस्टॅट, आणि थर्मोस्टॅट चिकटला तर तोडणारा निराळा कट-आउट. तेव्हा घरी गेल्यावर मीटरजवळचा फळा उघडा. त्यात 'टी' अक्षराचे बटण असलेला आरसीसीबी नसेल, तर परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. असेल, तर ते बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका ताबडतोब पडला तर आरसीसीबी जिवंत आहे, आणि पडला नाही तर तो त्याच दिवशी बदला. त्या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही; ती वायरमनकडून वेगळी करून घ्यावी लागते.