वय नव्हे, प्रकृती!

जुन्या नोटा जमवण्याचा छंद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यामुळे ओळखीची मंडळी ट्रंकेत, पोथीत सापडलेली नोट घेऊन येतात आणि विचारतात, ‘‘किती जुनी आहे ही?’’ मी मात्र ती आधी उजेडात तिरकी धरून पाहतो. नोट दुर्मीळ आहे का आणि तिची प्रकृती कशी आहे, यांवर तिचे मोल ठरते. नुसत्या वयाला बाजारात फारसा मान नाही.

आपली एक रुपयाची पहिली नोट १९१७ साली निघाली. पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे चित्र असलेल्या या नोटा पंचवीसच्या पुस्तिकेतूनही मिळत. हातोहाती फिरून मऊ पडलेली नोट आणि पुस्तिकेत तशीच राहून गेलेली कोरी नोट, दोघींचे साल एक. पण दुसरीला कित्येक पट भाव येतो. कारण साधे आहे. नोट खर्च करण्यासाठीच असते. त्या काळी रुपया कोण बाजूला ठेवणार? म्हणून कोऱ्या नोटा थोड्याच उरल्या.

धान्याची, कापसाची असते तशी नोटांचीही प्रतवारी असते. तिची पट्टी सत्तर गुणांची. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तांब्याच्या जुन्या नाण्यांसाठी ती मांडली, पुढे नोटांनाही लागू झाली. साठ आणि त्यावरचे गुण व्यवहारात न फिरलेल्या नोटेला. पन्नास ते अठ्ठावन्न म्हणजे जवळजवळ कोरी. वीस ते पस्तीस म्हणजे वापरलेली, पण अंगात थोडा कडकपणा राखून असलेली. मधोमध एक ठळक घडी पडली, की नोट साठच्या खाली येते.

आपल्या नोटांची एक खास अडचण म्हणजे स्टेपलची भोके. पूर्वी बँका नोटांची बंडले पिना मारूनच देत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये ही पद्धत थांबवायला सांगितली. त्याआधीच्या कित्येक कोऱ्या नोटांना ही भोके असतातच. जाणकार त्यांची नोंद घेतात, पण मागाहून टोचलेल्या टाचणीइतका दोष धरत नाहीत.

खरे नुकसान होते ते हौसेने. कोणी नोट धुतो, कोणी इस्त्री फिरवतो, कोणी फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावतो. पाण्याने कागदाचा कडकपणा जातो, इस्त्रीने छपाईचा उठाव दबतो, चिकटपट्टीचा पिवळा डाग कायमचा राहतो. जाणकाराची नजर हे लगेच टिपते. लॅमिनेशन केले, तर विचारूच नका.

उलट, ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतील, अशा जाहिरातींना भुलू नका. ती नोट मुबलक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नोटांवर शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे खुद्द त्या बँकेनेच २०२१ मध्ये बजावले होते.

तेव्हा घरात जुनी नोट सापडली, तर तिला काहीही करू नका. कडांना धरून उचला, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा आणि ऊन, ओल यांपासून जपा. पीव्हीसीचे अल्बम टाळा. किंमत नंतर कधीही विचारता येईल. गेलेला कोरेपणा मात्र परत आणता येत नाही.